अकरावी बुडाली? सीओईपी-व्हीजेटीआयची वाट बंद झालेली नाही, पण या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी बारावीची तीन-चार मुलं तास झाल्यावर माझ्या टेबलाजवळ रेंगाळतात. दहावीला नव्वदच्या पुढे, अकरावीच्या वार्षिक परीक्षेत गणितात काठावर पास, आणि प्रश्न ठरलेला: "मॅडम, आता सीओईपी विसरायचं का?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. माझं उत्तर "नाही" असंच असतं, आणि ते धीर देण्यापुरतं नसतं. पुण्याची सीओईपी, माटुंग्याची व्हीजेटीआय, तिच्या शेजारची आयसीटी या नामांकित तंत्रशिक्षण संस्थांत राज्याच्या कोट्यातली गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर लागते. अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी बारावीला पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितात मिळून, खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतात. अकरावीची गुणपत्रिका या यादीत कुठेच येत नाही. अकरावीचा अभ्यासक्रम मात्र येतो, आणि बहुतेक मुलांचं गणित नेमकं इथेच चुकतं.

"झालं गेलं, आता बारावीवर लक्ष देतो"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ऐकायला शहाणपणाची वाटते म्हणून तिला घरातूनही पाठिंबा मिळतो. हिशेब मांडून पाहा. सीईटीचा पीसीएम पेपर 200 गुणांचा आणि त्यात साधारण 20 टक्के भार अकरावीचा, म्हणजे 40 गुण. वरच्या कॉलेजांच्या याद्या पर्सेंटाइलच्या दशांशांवर हलतात, तिथे 40 गुण सोडून देणं परवडत नाही. देशपातळीवरच्या जेईई मेन या प्रवेश परीक्षेला तर अकरावी-बारावी दोन्ही वर्षं पूर्ण लागतात.

पण 40 गुणांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. अकरावीच्या लिमिट्स कच्च्या असतील तर बारावीचं डेरिव्हेटिव्ह पाठांतर होऊन बसतं. ट्रिगोची (त्रिकोणमितीची) सूत्रं हाताखाली नसतील तर इंटिग्रेशनमध्ये दुसऱ्याच ओळीला गाडी अडते, आणि मुलगा म्हणतो, "मला इंटिग्रेशन जमत नाही." त्याला इंटिग्रेशन जमत असतं, ट्रिगो जमत नसते. ऑरगॅनिकचंही तसंच. अकरावीतली नावं देण्याची पद्धत आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते कळलं नसेल, तर बारावीत हॅलोजनपासून अमाइनपर्यंत सगळी प्रकरणं म्हणजे नुसती यादी. सदिश कच्चे राहिले तर रोटेशनल डायनॅमिक्स कोरडं जातं.

म्हणून अकरावी सलग पहिल्या पानापासून पुन्हा करू नका, तेवढा वेळ नसतो. बारावीचं प्रकरण सुरू करण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत त्याचा अकरावीतला पाया करा. इंटिग्रेशनच्या आधी ट्रिगो, डेरिव्हेटिव्हच्या आधी फंक्शन्स आणि लिमिट्स. बालभारतीच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः करायची आणि अडलं तिथेच उघडायची. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अभ्यासक्रमात अकरावीची कोणती प्रकरणं आहेत याची यादी दिलेली असते. ती छापून भिंतीवर लावा. त्यातली जी बारावीशी थेट जोडलेली नाहीत, उदाहरणार्थ वर्तुळ, क्रमचय-संचय, ती रविवारी करायची.

कारण न शोधता क्लास बदलणे

घसरण झाली की पहिला वार क्लासवर. नवा क्लास, नवी फी, नव्या नोट्स. कधी त्याची गरज असतेही. पण आधी अकरावीच्या उत्तरपत्रिका काढा आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा. संकल्पना कळली नव्हती, कळली होती पण सराव नव्हता, आकडेमोड चुकली, वेळ संपला, की प्रश्नाचं इंग्रजीच समजलं नाही?

शेवटचं कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांमध्ये फार आढळतं आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. दहावीपर्यंत 'त्वरण', 'संवेग', 'अपवर्तन' म्हणून उत्तम समजलेला विषय अकरावीत एका रात्रीत अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम आणि रिफ्रॅक्शन होतो. वर्गात सर पुढे गेलेले असतात आणि हा अजून पहिल्या शब्दावर. हुशार मुलाला आपण ढ आहोत असं वाटायला लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीने यावर साधी वही केली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, खाली त्या शब्दाचं एक वाक्य. रोज दहा शब्द. दोन महिन्यांत ती वर्गात प्रश्न विचारू लागली. तिला नव्या क्लासची गरज नव्हती, वहीची होती, आणि हे मला सहा महिने आधी लक्षात यायला हवं होतं.

घरी न सांगणे

चाचणीचे गुण लपवणारी मुलं दर वर्षी असतात. क्लासला भरलेले पैसे आठवतात, बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, मग "चांगलं चाललंय" एवढंच घरी पोचतं. लपवण्यात जी शक्ती जाते तिचा हिशेब कुणी करत नाही. झोप जाते, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, म्हणून पुस्तक उघडणंच टळतं. आईबाबांना मला कळकळीने सांगायचं आहे: अकरावीची पहिली चाचणी दहावीच्या टक्क्यांशी ताडून पाहू नका. दोन्ही परीक्षांची जातकुळी वेगळी आहे. "किती पडले?" याऐवजी "कुठे अडलं?" विचारा. आणि मूल जेवत-बोलत नसेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक, अभ्यासाचं नंतर.

सीईटी आणि जेईई एकाच सवयीने देणे

सीईटीला उणे गुण नाहीत. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न तेवढ्याच वेळात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम 54 सेकंद. जेईई मेनला 75 प्रश्नांना तीन तास असतात, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक वजा. जेईईची सवय लागलेला मुलगा सीईटीत शंका आली की प्रश्न सोडून देतो आणि फुकटची संधी घालवतो. उलट सीईटीचा हात बसलेला जेईईत बेधडक पर्याय निवडत सुटतो. दोन्ही देणार असाल तर सरावाचे दिवस वेगळे ठेवा, आणि सीईटीच्या सरावात एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

अकरावीत मागे पडलेल्यांनी पूर्ण पेपरचा सराव अभ्यासक्रम संपल्यावरच सुरू करायचा असंही काही नाही. डिसेंबरपासून आठवड्याला एक पुरे. फक्त पेपर दिल्यावर चुकांची वही भरल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही.

पर्सेंटाइलला टक्के समजणे

98 पर्सेंटाइल म्हणजे 98 टक्के गुण नव्हेत. तुमच्या गटात 4 लाख विद्यार्थी बसले असतील तर तुमच्या पुढे सुमारे 8,000 जण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सीओईपीच्या कॉम्प्युटरला हे पुरत नाही, पण तिथल्याच दुसऱ्या एखाद्या शाखेचा विचार होऊ शकतो. कॉलेज आणि शाखा यांतलं आपल्याला आधी काय हवं, हे निकाल लागायच्या आत घरात बोलून ठेवा.

बोर्डाकडे पाठ फिरवणे

"सगळं सीईटीवर आहे" हे ऐकून मुलं बोर्डाला हलकं घेतात. एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांसाठी जेईईत नंबर लागला तरी बारावीला पाच विषयांचे मिळून 75 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना 65), किंवा बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. या पाचांत भाषाही आली. आयसर या विज्ञान संस्थेत, म्हणजे पुण्याच्या पाषाणला जायचं असेल, तर खुल्या प्रवर्गाला 60 टक्के आणि स्वतंत्र अभियोग्यता चाचणी. प्रात्यक्षिकांचे फिजिक्स-केमिस्ट्रीत प्रत्येकी 30 गुण आहेत. जर्नल वेळेत पूर्ण करणाऱ्याचे हे गुण जात नाहीत.

घाबरून ड्रॉप घेणे, किंवा घाबरून न घेणे

ड्रॉप, म्हणजे एक वर्ष थांबून परीक्षा पुन्हा देणं, वाईट नाही आणि रामबाणही नाही. मी एकच गोष्ट बघते: शेवटच्या सहा-सात सराव पेपरांत गुण चढत होते का? चढत असतील तर मुलगा उशिरा रुळावर आला आहे आणि आणखी एक वर्ष कामी येईल. सपाट असतील तर तोच क्लास आणि त्याच नोट्स घेऊन तोच निकाल येण्याची शक्यता जास्त. नियमही बघून ठेवा. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षं देता येते, आयआयटीसाठीची अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षांत दोनदा.

विज्ञान शाखाच झेपत नसेल तर डिप्लोमाची वाट कमी समजू नका. दहावीनंतर तीन वर्षं तंत्रनिकेतन आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी. त्यासाठी राखलेल्या 10 टक्के जागा नामांकित कॉलेजांतही असतात. बारावी विज्ञान झालेल्यांना डिप्लोमाच्याही दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. नातेवाईक नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्या. तीन वर्षं हाताने मशीन चालवून आलेली मुलं कार्यशाळेत कशी उठून दिसतात ते मी ऐकत आले आहे.

कागद आणि ऑप्शन फॉर्म शेवटच्या दिवशी

वर्षभर झगडून मिळवलेलं पर्सेंटाइल कागदाअभावी वाया जाताना बघवत नाही. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच करता येतो, निकालानंतर सगळा जिल्हा त्या खिडकीशी उभा असतो. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा जुनं हातात आहे म्हणून निश्चिंत राहू नका. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागाही भरा, तिथे शिक्षण शुल्क माफ असतं.

कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये मुलं मागच्या वर्षीचा कटऑफ बघून हवं ते कॉलेज आपणच खाली ढकलतात. क्रम आवडीचा लावा. वरचा पर्याय न मिळाल्याने खालचा जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात, म्हणून जिथे खरंच जायचं नाही असं कॉलेज 'बघू तरी' म्हणून पहिलं टाकू नका. फॉर्म पक्का करण्याआधी रात्री घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी कॉलेज-शाखेचा प्रत्येक कोड मोठ्याने वाचायला लावा.