पावसाळ्यात गाडीने आंबोलीला: कॅमेऱ्याच्या बॅगेत काय घ्यावं, काय घरी ठेवावं

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने सावंतवाडी आणि वर आंबोली. परतताना आजरा, निपाणी, कोल्हापूर. जुलै-ऑगस्टमध्ये या वाटेवर पाऊस, धुकं आणि दमट हवा सतत सोबत असते. गाडीत जागा आहे म्हणून सगळी कपाटं रिकामी करू नका. भर पावसात लेन्स बदलताना सेन्सरवर थेंब पडला की पुढचा अख्खा प्रवास वाया जातो. त्यामुळे गाडीबाहेर लेन्स बदलायचीच नाही असं आधी ठरवा आणि मगच यादी करा.

दोन लेन्स पुरतात. दिवसा धबधबे, घाटरस्ता आणि धुक्यातली झाडं यांसाठी फुल फ्रेमवर (मोठा सेन्सर) २४-७० मिमी, क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सर) १६-५० किंवा १८-५५. रात्री बेडकांसाठी ९० ते १०५ मिमीची मॅक्रो, म्हणजे लहान गोष्टी जवळून मोठ्या टिपणारी लेन्स. लेन्स बदलायची ती संध्याकाळी, खोलीत. १६-३५ सारखी वाइड लेन्स मोहात पाडते, पण तिचं हूड, म्हणजे पुढची कडा, आखूड असतं. थेंब थेट काचेवर येतात आणि वाइड फ्रेममध्ये ते ठळक दिसतात. मोठी टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्सही घरीच ठेवा. धुक्यात लांबचं सगळं करडं आणि सपाट दिसतं, ते कितीही महागड्या काचेने सुधारत नाही.

फिल्टरच्या बाबतीत थोडं गणित करा. पोलरायझर हवाच, कारण ओल्या पानांवरची आणि खडकांवरची चकाकी तोच काढतो आणि हिरवा रंग खुलतो. तो साधारण दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). दाट ढगांखाली, झाडीत, आयएसओ १०० आणि एफ ११ ला शटर साधारण १/८ सेकंद येतं. पोलरायझर लावला की तेच अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातं आणि धबधबा मऊ दिसायला तेवढं पुरेसं असतं. जरा उघडीप असेल तर १/३० येईल, त्यासाठी तीन स्टॉपचा एनडी ८ (फक्त प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) घ्या. दहा स्टॉपचा एनडी इथे ओझंच. त्याने शटर काही मिनिटांवर जातं आणि तेवढ्यात काच थेंबांनी भरते.

ट्रायपॉड जड असला तरी चालेल, गाडी आहे. वाहत्या पाण्यात उभा करताना सगळ्यात खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. नाहीतर लॉकमध्ये वाळू जाते आणि चार दिवसांत पाय फिरेनासे होतात.

आता बहुतेकांचा घोळ जिथे होतो ते पाहू. काच धुकट होऊ नये म्हणून पावसात गाडीचा एसी चालूच ठेवावा लागतो. तासभर त्या थंड हवेत राहिलेला कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सच्या बाहेर, कधी आतही बाष्प धरतं. ते पुसून काही उपयोग नाही, लगेच पुन्हा धरतं. उपाय साधा आहे: कॅमेरा लेन्ससकट मोठ्या झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि बॅग डिकीत ठेवा. हॅचबॅकमध्ये एसी डिकीपर्यंत पोचतोच, म्हणून पिशवी लागतेच. थांबल्यावर पिशवी न उघडता कॅमेरा बाहेरच्या हवेत वीस-तीस मिनिटं राहू द्या. बाष्प धरेल ते पिशवीवर. घाईत असाल तर हा वेळ चहाला द्या.

पावसापासून झाकायला साधं रेनकव्हर घ्या, जोडीला दोन शॉवर कॅप आणि रबरबँड. छत्री मोठी घ्या, आणि ती धरायला कोणीतरी सोबत असू द्या. मायक्रोफायबर कापडं सहा तरी हवीत, कारण ओलं कापड काच पुसत नाही, पाणी पसरवतं. बॉडीवरचं पाणी टिपायला सुती पंचा उत्तम. बॅगेचं स्वतःचं रेनकव्हर पाठीची बाजू झाकत नाही, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सामान तिच्यात भरा.

कॅमेरा सुकवायला हवाबंद डब्यात पाव किलो सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे टाकून तो मुक्कामाच्या खोलीत ठेवा. केशरी दाणे हिरवट झाले की त्यांचं काम संपलं. निघण्यापूर्वी ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवा. तांदळात कॅमेरा ठेवू नका, त्याची पूड फटीत जाते.

रात्रीच्या मॅक्रोसाठी फ्लॅश, त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्यूजर, चार्ज होणाऱ्या एए सेलचे दोन संच आणि हेडलॅम्प. एफ ११, शटर १/२०० आणि फ्लॅशची ताकद १/१६ पासून सुरू करा. मलबार ग्लायडिंग बेडकाची फेसाची घरटी पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना असतात, त्या फांद्या ओढू नका. बेडूक हातात घेऊ नका. डासांचं मलम लावलेला हात तर त्यांच्या त्वचेला घातकच. मलबार चापडा हा विषारी सापही याच झुडपांत असतो, म्हणून पाय आणि हात टाकण्याआधी उजेड टाका. मॅक्रो ९० किंवा त्यावरची घ्यायची ती यासाठीच, म्हणजे थोडं लांब राहून फोटो काढता येतो.

पावसात वीज जाते हे धरून चाला. तीन बॅटऱ्या, आणि कॅमेरा यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटसाठी ४५ वॉटचा चार्जर. ६४ जीबीची दोन कार्डं फोटोंना पुरतात. व्हिडिओ काढणार असाल तर १०० एमबीपीएसच्या फोर-केला तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, तेव्हा एक एसएसडी जोडा. ड्रोन नकोच. बहुतेक ड्रोन पावसात उडवण्याजोगे नसतात आणि धुक्यात ते दिसेनासे होतात.

तरी कॅमेऱ्यात पाणी गेलंच, तर चालू करून बघू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून दोन दिवस सिलिकाच्या डब्यात ठेवा. हेअर ड्रायर लावलात तर पाणी आणखी आत ढकललं जातं.