जुन्या खेळाडूची कारकीर्द लिहायचीय? आधी जमाखर्चाची वही उघडा

आमच्या गुहागरच्या वाडीतले तात्या कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं, तर घरात एक ढाल आणि दोन फोटो निघाले. पुढचं सगळं मला मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत मिळालं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

ही वाट मला दाखवली विल्यम हेफेलफिंगरने. येल विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल गाजवलेला हा गडी. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी तो अ‍ॅलेघेनीच्या क्लबाकडून पिट्सबर्गच्या क्लबाविरुद्ध उतरला. अ‍ॅलेघेनीने सामना ४-० जिंकला, तो त्याच्याच टचडाउनवर, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेल्या गुणांवर. तेव्हा टचडाउनला चारच गुण होते. क्लब हौशी म्हणवणारे, त्यामुळे पैसे दिल्याचं क्लबाने उघड कबूल केलं नाही. पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून पुढे कित्येक वर्षं जॉन ब्रॅलियरचं नाव घेतलं जाई; त्याने १८९५ मध्ये १० डॉलर घेतले होते. मग अ‍ॅलेघेनीच्या हिशेबाचा कागद पुढे आला: हेफेलफिंगरला खेळल्याबद्दल रोख ५०० डॉलर. प्रवासखर्च वेगळ्या ओळीत. माझ्या मते खरा पुरावा त्या वेगळ्या ओळीत आहे. रकमा एकत्र असत्या, तर गाडीभाडं म्हणून विषय मिटला असता.

तेव्हा वहीची खर्चाची बाजू वाचा. एस.टी. भाडं, जेवण आणि ‘खेळल्याबद्दल’ हे तीन रकाने कोऱ्या कागदावर पाडा आणि प्रत्येक रकमेसमोर तारीख, पान क्रमांक लिहा. बक्षिसाची रक्कम जमेच्या बाजूला असते, तीही टिपा.

आमच्याकडच्या पावसाने पानं चिकटलेली असतात. ती ओढू नका. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस ठेवा, मग हलक्या हाताने सोडवा. उन्हात टाकाल तर शाई उडेल. मोबाइलवर फोटो काढताना कोरी पानंही सोडू नका. मागच्या पानाची शाई कधीकधी तिथे उमटलेली असते.

माणसांकडे त्यानंतर जा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की तात्या गप्प बसायचे. मी नुसती नोंद वाचली: ‘किरकोळ, ११ रुपये.’ ते लगेच म्हणाले, “अरे, ते माझ्या गुडघ्याच्या पट्टीचे! उपांत्य फेरीत पकड करताना गेला होता.” असं काही निघालं की तारखेसह वेगळ्या कागदावर उतरवा. मूळ वहीत पेन्सिलही टेकवू नका.