शिकारीच्या सहलीचे व्यावसायिक चित्रीकरण करावे का?

परवाना घेऊन केलेल्या शिकारीच्या सहलीवर व्यावसायिक कॅमेरामन न्यायचा की नाही, हे ठरवताना खर्चाच्याही आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे तुमच्यामागून आणखी एक माणूस चालणार असल्याने पावलांचा आवाज, हालचाल आणि वाऱ्यावर जाणारा गंध हे सगळेच वाढणार आहे. शिवाय जनावर चौकटीत नीट येऊन कॅमेरामनने खूण करेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे लागते, आणि पहाटेच्या अंधूक उजेडात बंदुकीच्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसणारे जनावर कॅमेऱ्यात नुसती काळी सावली म्हणून उमटले, तर चालून आलेली संधीही सोडावी लागते. तशी मनापासून तयारी नसेल, तर या फंदात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रणाच्या घाईत झाडलेल्या गोळीने जनावर केवळ जखमी होऊन निसटू शकते. तयारी असेल, तर शिकारीची शिस्त जाणणारा कॅमेरामन निवडावा, वाटाड्याची संमती आधीच घ्यावी आणि मूळ चित्रण कोणाच्या मालकीचे राहील, हे लेखी ठरवावे. नुसती आठवण हवी असेल, तर टोपीवरचा छोटा कॅमेरा पुरतो, मात्र त्याच्या रुंद भिंगातून 100 मीटरवरचे जनावर जेमतेम ठिपक्याएवढे दिसते.