शो बजीची जोडी कशी लावावी

प्रदर्शनात पहिला आलेला नर मोठी किंमत मोजून आणला, तितक्याच देखण्या मादीशी जोडला आणि पिल्ले मात्र मध्यमच निघाली, ही तक्रार शो बजी, म्हणजे प्रदर्शनासाठी वाढवलेले बजरीगार पोपट, पाळणाऱ्यांत नेहमी ऐकू येते. नर खोटा नसतो. अंगाचा आकार, डोक्याची रुंदी, पिसांची लांबी हे गुण एका जनुकावर ठरत नाहीत. अनेक जनुके मिळून ते घडवतात. एखाद्या सामान्य घराण्यात एकच पक्षी नशिबाने अप्रतिम निपजतो आणि त्याची पिल्ले पुन्हा घराण्याच्या पातळीवर येतात. म्हणून निवड पक्ष्याची करायची असली, तरी आधी पाहायचे ते त्याचे भाऊ-बहिणी आणि आई-बाप.

मापदंड डोळ्यांत बसवा

ब्रिटनमधली बजरीगार सोसायटी १९२५ साली सुरू झाली. तिने ठरवलेला आदर्श आज बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने मानला जातो. टाळूपासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी ८.५ इंच, म्हणजे २१६ मिलिमीटर. दांडीवर बसताना पक्षी उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करतो. डोके रुंद, कपाळ पुढे आलेले, मान आखूड आणि भरलेली, पाठ सरळ. गळ्यावर सहा ठसठशीत गोल ठिपके, त्यांतले कडेचे दोन गालांवरच्या रंगीत चट्ट्यांखाली थोडे झाकलेले.

पिंजऱ्यात भिरभिरणाऱ्या पक्ष्याकडे पाहून यातले काहीच नीट कळत नाही. प्रत्येक पक्षी शो-पिंजऱ्यात एकटा ठेवा, वीस मिनिटे शांत होऊ द्या आणि मग समोरून, बाजूने, पाठीमागून पाहा. काही पक्षी हातात दांडगे वाटतात आणि दांडीवर बसले की मान आत ओढून आडवे होतात. असा पक्षी कितीही मोठा असला तरी बसण्याच्या ढबीत मार खातो आणि हा दोष पिल्लांत सहज उतरतो.

सुरुवातीला कोणते पक्षी घ्यावेत

पाच जणांकडून एकेक ‘टॉप’ पक्षी गोळा करण्यापेक्षा एकाच चांगल्या पाळणाऱ्याकडून दोन नर आणि तीन-चार माद्या घ्या. शक्यतो एकमेकांच्या नात्यातल्या घ्या. पाच ठिकाणचे रक्त एकत्र आले की पिल्लांत काय निघेल याचा अंदाज बांधता येत नाही. विजेता पक्षी परवडत नसेल तर त्याचा सख्खा भाऊ किंवा बहीण मागा. किंमत बरीच कमी पडते आणि रक्त तेच मिळते.

पैसे जास्त घालायचे तर माद्यांवर घाला. चांगला नर एका हंगामात पाळीपाळीने दोन-तीन माद्यांना देता येतो. मादीकडून मात्र दोन वेतांत मिळून जेमतेम आठ-दहा पिल्ले मिळतात. त्यामुळे उत्तम माद्यांचे मालक त्या सहसा विकत नाहीत. सख्ख्या बहिणी असलेल्या दोन-तीन पक्क्या माद्या मिळाल्या, तर त्यांच्यावर पुढचे सगळे घराणे उभे राहते.

गुण-दोषांचे पत्रक करा

प्रत्येक पक्ष्याचा एक कागद करा. वर रिंग नंबर (पायातल्या कड्यावरचा), आई-बापांचे रिंग नंबर, रंग आणि लपलेले म्हणजे ‘स्प्लिट’ असलेले रंग लिहा. खाली आकार, डोक्याची रुंदी, कपाळाची उंची, मुखवट्याची (चेहरा आणि गळ्यावरच्या एकरंगी भागाची) खोली, ठिपके, पाठ व खांदे, ढब, पंख आणि पिसांचा पोत यांना प्रत्येकी १ ते ५ गुण द्या. हे गुण एकाच दिवशी, एकाच उजेडात, सगळ्या पक्ष्यांना द्या. आठवडाभर थोडे थोडे केले की मोजपट्टी आपोआप बदलते.

काही दोषांना गुण देत बसू नका. असा पक्षी जोडीतूनच बाद करा: पाठीवर पंखांची टोके एकमेकांवर फुलीसारखी येणे, पाठीला पोक असणे, वरची चोच खालच्या चोचीत अडकणे, आणि आधीच्या हंगामात पिल्ले न भरवणे. चारही ठिकाणी ‘एवढं चालेल’ म्हणणारा पाळणारा तीन वर्षांनी सगळा कळप त्याच दोषाने भरलेला पाहतो.

पीस ओळखा

शो बजीत पिसांचे दोन ढोबळ प्रकार धरतात. ‘बफ’ पीस लांब, रुंद आणि मऊ असते. त्यामुळे पक्षी मोठा दिसतो, कपाळावर पिसे वर आणि बाहेर वळतात, रंग किंचित फिका वाटतो. ‘यलो’ पीस आखूड, घट्ट आणि झळाळीचे असते. पक्षी सडपातळ दिसतो. पिवळ्या रंगाशी या नावाचा संबंध नाही, निळा पक्षीही यलो पिसाचा असतो.

आजचे प्रदर्शन बफ पिसाकडे झुकलेले आहे. पिढ्यानपिढ्या बफला बफ लावत गेले तर डोके मोठे होते, पण बरोबर टाळूवर काळे शिंतोडे येतात. त्याला फ्लेकिंग म्हणतात. डोळे पिसांनी झाकले जातात, पंख ढिले पडतात आणि अंडी रिकामी निघू लागतात. काही घराण्यांत ‘फेदर डस्टर’ पिल्ले निघतात. त्यांची पिसे वाढतच राहतात, ती दिसायला मऊ गोळ्यासारखी असतात आणि बहुधा वर्षभरही जगत नाहीत. दोन्ही पालकांकडून आलेल्या सुप्त दोषामुळे असे होते असे मानले जाते. असे एक जरी पिल्लू निघाले तर ती जोडी तोडा आणि त्या दोघांना पुन्हा एकमेकांच्या नात्यात देऊ नका. बफ वाणात दर दोन-तीन पिढ्यांनी एक घट्ट पिसाचा, स्वच्छ टाळूचा पक्षी आणावाच लागतो. त्या वर्षी पिल्ले थोडी लहान दिसतील, ते सोसावे.

जोडी आधी कागदावर लावा

नियम एकच: एकच दोष दोन्ही बाजूंना नको. नराचे ठिपके बारीक असतील तर मादीचे ठिपके मोठे हवेत. ते तिच्या एकटीचे पुरेसे नाहीत. तिच्या आईचे आणि बहिणींचेही हवेत, म्हणजे तो गुण घराण्याचा आहे असे धरता येते. मात्र टोकाला टोक लावून मधले मिळत नाही. फार लांब पक्षी आणि फार बुटका पक्षी जोडल्यावर सगळी पिल्ले मध्यम निघत नाहीत. काही लांब, काही बुटकी, आणि पुढच्या पिढीत दोन्ही दोष पुन्हा वर येतात. दोष दुरुस्त करायला दुसऱ्या बाजूला तो गुण बरोबर मापाचा लागतो.

एक उदाहरण घेऊ. हिरवा नर अ: डोके फार रुंद, पिसांना सुंदर वळण, पण ठिपके लहान आणि टाळूवर थोडे शिंतोडे. दोन बहिणी, आकाशी माद्या ब आणि क: टाळू स्वच्छ, ठिपके मोठे, डोके जरा अरुंद. पहिल्या वर्षी अ ला आधी ब द्या. ती अंड्यांवर बसली की त्याला काढून क कडे द्या. मादी एकटीच अंडी उबवते आणि पिल्ले भरवू शकते. फक्त तिच्याकडे तीनपेक्षा जास्त पिल्ले ठेवू नका. या पिल्लांत रुंद डोके आणि मोठे ठिपके दोन्ही एकत्र असलेली एक-दोनच निघतील. तेवढीच ठेवायची.

नाते किती जवळचे

दुसऱ्या वर्षी प्रश्न येतो तो नात्याचा. अंतर्गत प्रजननाचा आकडा असा धरतात: बाप-मुलगी किंवा सख्खे भाऊ-बहीण २५ टक्के, सावत्र भाऊ-बहीण १२.५ टक्के, काका-पुतणी १२.५ टक्के, सख्खी चुलत भावंडे ६.२५ टक्के. वरच्या उदाहरणात ब चा मुलगा आणि क ची मुलगी यांचा बाप एक आणि आया सख्ख्या बहिणी आहेत, म्हणून त्यांच्या पिल्लांचा आकडा १२.५ अधिक ६.२५, म्हणजे १८.७५ टक्के होतो. या बहिणींचे आई-बाप आपापसांत नात्यातले असतील तर त्याहूनही वर.

सावत्र भावंडे, काका-पुतणी, आजा-नात ही पातळी वाण पक्के करायला पुरते. सख्ख्या भावंडांची जोडी फक्त एका कारणासाठी लावावी: घराण्यात काय लपले आहे ते बाहेर काढायचे असेल तर. अंडी भरली तरी पिल्ले अंड्यातच मरू लागली, पिल्ले वाढीत मागे पडू लागली किंवा माद्या भरवेनाशा झाल्या की थांबा. आकार टिकून आहे म्हणून पुढे रेटू नका. आधी ढासळते ते प्रजनन, मग आकार.

तेव्हा बाहेरचे रक्त आणायचे. एकच मादी आणा, तीही ज्या गुणात आपले घराणे कमी आहे त्या गुणाची. पहिल्या पिढीची पिल्ले बहुधा तजेलदार आणि देखणी निघतात आणि पाळणारे तिथेच फसतात. लपलेले दोष दुसऱ्या पिढीत दिसतात. म्हणून या पिल्लांतल्या चांगल्या माद्या परत आपल्या जुन्या नरांना द्या. त्या पिढीत तीन-चतुर्थांश रक्त आपले आणि एक-चतुर्थांश नवे होते. नवीन मादी आणल्यावर किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायला विसरू नका.

रंगाचा हिशेब, थोडक्यात

रंग हा शेवटचा निकष. तरी ओपलाइन (डोके-पाठीवरच्या रेघा फिक्या), सिनॅमन (काळ्याऐवजी तपकिरी खुणा) आणि इनो (लाल डोळ्यांचा, काळी छटा नसलेला) हे लिंगसंलग्न, म्हणजे नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावरून येणारे रंग आहेत हे लक्षात ठेवा: यांत मादी कधी स्प्लिट नसते, नर असू शकतो. ओपलाइन नर आणि साधी मादी लावली तर सगळ्या मुली ओपलाइन, सगळे मुलगे दिसायला साधे पण स्प्लिट. घरट्यातच नर-मादी ओळखता येतात. ओपलाइनला ओपलाइन पुन्हा पुन्हा लावू नका, टाळूवरचे शिंतोडे वाढतात. ल्युटिनोला (पिवळ्या इनोला) ल्युटिनोऐवजी चांगला हिरवा पक्षी द्या.

जोडी केव्हा आणि कशी सोडावी

मादी किमान ११-१२ महिन्यांची हवी. चोचीवरचा मऊ भाग, म्हणजे सीअर, मादीत गडद तपकिरी आणि नरात चमकदार निळा झालेला असला पाहिजे. इनो आणि रेसेसिव्ह पाइड (ठिगळ्या रंगाच्या एका प्रकारच्या) नरांत तो निळा होत नाही, जांभळट-गुलाबीच राहतो. तिथे नराचे वागणे पाहा. चोच दांडीवर टकटक आपटणारा, शेजारणीला भरवायला धावणारा नर तयार आहे. मादी लाकूड कुरतडू लागली की ती तयार.

रिंगवर जन्माचे वर्ष असते आणि ते बऱ्याच ठिकाणी १ जानेवारीला बदलते. जोडी सोडल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत साधारण १० दिवस आणि उबवण १८ दिवस, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला जोड्या लावल्या तर पहिले पिल्लू नव्या वर्षाच्या तोंडावर येते आणि नव्या वर्षाची रिंग घालता येते. आपल्याकडे याला मर्यादा आहे ती उन्हाची. विदर्भ-मराठवाड्यात दुसरे वेत मार्चअखेर बाहेर पडते तेव्हाच खोकी तापू लागतात. तिथे ऑक्टोबरमध्ये सुरुवात करणे आणि एक रिंग-वर्ष गमावणे परवडते.

साध्या बजीला लावतो ते मडके शो बजीला नको. तोंड अरुंद, आत हात जात नाही, रोज पाहणी होत नाही, आणि जाड पिसाची मादी आत-बाहेर करताना अंडी फोडते. साधारण ९ × ६ × ६ इंचाचे लाकडी खोके, बाजूने उघडणारे, आत काढता येईल अशी खोलगट पाटी आणि तिच्यावर अर्धा इंच स्वच्छ, रसायन न लावलेला भुसा. भुसा कमी पडला की पिल्लांचे पाय फाकतात.

अंडी रिकामी का निघतात

शो बजीत हा सगळ्यांत मोठा तोटा आणि निम्म्या वेळा कारण साधेच असते. जोडी सोडण्याच्या आदल्या दिवशी दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची मऊ पिसे बोथट टोकाच्या कात्रीने कापा. बफ पक्ष्यात तीच आड येतात. मग दांडी हाताने हलवून पाहा. किंचित जरी फिरली तरी मीलन नीट होत नाही. दोन्ही टोके घट्ट बसवा.

अंडी एक दिवसाआड येतात, साधारण चार ते सहा. मादी नीट बसल्यापासून सातव्या दिवशी टॉर्चवर धरा: लाल शिरांचे जाळे दिसले तर भरलेले, नुसते पिवळट पारदर्शक दिसले तर रिकामे. पहिले वेत पूर्ण रिकामे गेले तर लगेच जोडी तोडू नका, दुसरे बघा. तेही रिकामे असेल तर मादीला पूर्वी पिल्ले दिलेला नर द्या आणि त्या नराला दुसरी मादी. दोष कोणाचा ते तेव्हाच कळते. मौल्यवान जोडीची अंडी त्याच दोन-तीन दिवसांत अंडी घातलेल्या साध्या बजीखाली ठेवण्याची सोय आधीच करा. त्या भरवण्यात शो माद्यांपेक्षा सहसा बऱ्या असतात.

पिल्लांची छाननी

पाच ते आठ दिवसांच्या दरम्यान रिंग घाला: पुढची दोन बोटे आणि मागचे लांब बोट एकत्र धरून रिंग सरकवा, मग मागचे आखूड बोट काडीने बाहेर काढा. मोठ्या घराण्यात सहावा दिवसही उशिराचा ठरतो.

सहाव्या आठवड्यात, स्वतः खाऊ लागल्यावर, पहिली निवड करा. इथे फक्त डोळ्यांमधले अंतर, चोचीची रुंदी, मुखवट्याची लांबी आणि ठिपके पाहा. आकारावर निर्णय घेऊ नका. पहिली पिसगळ तीन महिन्यांच्या सुमारास सुरू होते आणि कपाळावरच्या रेघा जातात. दुसरी निवड त्यानंतर, पाच-सहा महिन्यांच्या वयात. बफ घराण्यातले पक्षी दीड वर्षापर्यंत भरत राहतात, म्हणून चांगल्या जोडीच्या मुली सहाव्या महिन्यात स्वस्तात देऊन टाकू नका.

या दोन्ही निवडींच्या वेळी जोडीच्या कागदावर भरलेली अंडी, अंड्यात मेलेली पिल्ले, स्वतः खाऊ लागलेली पिल्ले आणि ठेवलेली पिल्ले असे चार आकडे लिहा. पुढच्या वर्षी जोडी पुन्हा लावायची की नाही ते चौथ्या आकड्यावर ठरवा. दहा पिल्लांतून आई-बापापेक्षा सरस असे एकही ठेवता आले नसेल, तर दोघेही दिसायला कितीही देखणे असोत, वेगळ्या जोड्यांत द्या.