महोत्सवाचा निकाल कसा वाचावा: ठाणे-नवी मुंबईच्या चित्रपटरसिकांसाठी

फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात फ्रान्सचा कान, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हेनिस आणि नोव्हेंबरच्या अखेरीस गोवा, असे मोठ्या महोत्सवांचे निकाल लागत जातात, तसतशी ठाण्यातल्या आमच्या चित्रपट अभ्यासगटाच्या व्हॉट्सॲपवर विजेत्यांची यादी येऊन पडते. पाठोपाठ दोन प्रश्न ठरलेले असतात: यातले पाहायचे काय, आणि हा पुरस्कार नक्की केवढा? दोन्हींची उत्तरे त्या यादीतच दडलेली असतात, मात्र ती शाळेच्या गुणपत्रिकेसारखी वरून खाली वाचली तर हाती लागत नाहीत. ठरावीक माणसांनी, ठरावीक चित्रपटांमधून आणि ठरावीक नियमांच्या चौकटीत राहून घेतलेला निर्णय म्हणजे महोत्सवाचा निकाल. त्यामुळे नाव वाचून झाले की विभाग कोणता, पुरस्कार दिला कोणी आणि नियम काय होते, या तीन गोष्टी शोधाव्यात. त्या महोत्सवाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. वर्तमानपत्रातल्या चौकटीत त्या बहुधा गाळलेल्या असतात.

आधी विभाग

'कानमध्ये दाखवला' या दोन शब्दांत किमान चार वेगवेगळे अर्थ मावतात. मुख्य स्पर्धेत साधारण वीस-बावीस चित्रपट असतात आणि पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार त्यांच्यातूनच दिला जातो. 'अन सर्टन रिगार्ड' हा अधिकृत निवडीतलाच दुसरा विभाग असून त्याची ज्युरी स्वतंत्र असते. समीक्षकांचा सप्ताह आणि दिग्दर्शकांचा पंधरवडा हे समांतर विभाग वेगळ्या संस्था चालवतात. याखेरीज तिथे चित्रपटांचा मोठा बाजार भरतो, जिथे शुल्क भरून कोणताही निर्माता आपला चित्रपट वितरकांना दाखवू शकतो. महाराष्ट्र शासनातर्फे निवडक मराठी चित्रपट याच बाजारात पाठवले जातात. उपक्रम उपयोगी आहे, कारण परदेशी वितरक गाठण्याची ती एक वाट आहे. पण बाजारात दाखवलेला चित्रपट आणि स्पर्धेसाठी निवडलेला चित्रपट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मथळा देणाऱ्याला हा फरक सांगण्याची सहसा घाई नसते.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ साली कानच्या मुख्य स्पर्धेत होता. त्याआधी भारतीय चित्रपट त्या स्पर्धेत उतरला होता तो १९९४ साली, शाजी करुण यांचा 'स्वहम्'. हे तीस वर्षांचे अंतर माहीत असले म्हणजे स्पर्धेत नुसती निवड होण्याचे मोलही लक्षात येते.

विभाग ओळखण्याचा सराव घोडबंदर रोडवरच्या किंवा वाशीतल्या मल्टिप्लेक्सबाहेरही करता येतो. पोस्टरवर पानांच्या दोन डहाळ्यांमध्ये बारीक अक्षरांत काहीतरी छापलेले असते. लांबून पाहिल्यास सगळ्या डहाळ्या विजयाच्याच वाटतात. जवळ जाऊन पाहिले की त्यांपैकी काहींत 'अधिकृत निवड' एवढेच लिहिलेले दिसते, एखाद्यात 'नामांकन' असते आणि खरा पुरस्कार एखादाच निघतो. कधी महोत्सवाचे नावच असे असते की तो कोणत्या शहरात भरतो हे शोधूनही सापडत नाही.

अशा वेळी शंका घेण्यात गैर काही नाही. दर महिन्याला ऑनलाइन निकाल लावणाऱ्या, प्रवेश शुल्क घेऊन डझनावारी गटांत पारितोषिके वाटणाऱ्या स्पर्धा आता पुष्कळ झाल्या आहेत. पारखण्यासाठी चार गोष्टी पुरतात: चित्रपट प्रेक्षकांसमोर पडद्यावर दाखवला गेला का, परीक्षकांची नावे जाहीर आहेत का, स्पर्धेतल्या चित्रपटांची यादी निकालाच्या आधी प्रसिद्ध झाली होती का, आणि एकाच गटात किती विजेते आहेत. आपल्याच सोसायटीतल्या मुलाच्या लघुपटाला असा पुरस्कार मिळाला असेल तर अभिनंदन आधी करावे आणि तपासणी नंतर, तीही त्याच्या आईसमोर नव्हे.

मग पुरस्कार देणारा

एकाच महोत्सवात अनेक ज्युरी एकाच वेळी काम करत असतात. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ साली बर्लिनमध्ये स्फटिक अस्वल मिळाले, ते जनरेशन केप्लस या मुलांसाठीच्या विभागातल्या बालपरीक्षकांनी दिलेले होते. वडील गमावलेल्या, कोकणात नव्याने राहायला आलेल्या मराठी मुलाची गोष्ट परक्या देशातल्या मुलांना भिडली, ही माहिती मला तरी पुरस्काराच्या नावापेक्षा मोलाची वाटते. पण आपल्याकडच्या बातम्यांत ठळक उरले ते अस्वलच.

जयंत दिगंबर सोमलकर यांच्या 'स्थळ'ला २०२३ साली टोरंटोत नेटपॅक पुरस्कार मिळाला. नेटपॅक हे आशियाई चित्रपटांच्या प्रसारासाठी काम करणारे जाळे आहे आणि त्याची ज्युरी महोत्सवाच्या ज्युरीहून वेगळी असते. टोरंटोच्या ज्या सन्मानाची जगभर सर्वाधिक चर्चा होते, तो पीपल्स चॉइस पुरस्कार तर ज्युरी देतच नाही. तो प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो. आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा फिप्रेस्की पुरस्कारही असाच अनेक महोत्सवांत स्वतंत्रपणे दिला जातो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० साली व्हेनिसमध्ये मुख्य ज्युरीकडून पटकथेचा आणि समीक्षकांकडून फिप्रेस्की, असे दोन्ही पुरस्कार मिळाले. वेगवेगळ्या निकषांनी पाहणारे दोन गट एकाच चित्रपटापाशी येऊन थांबतात, तेव्हा तो चित्रपट यादीत वर घ्यावा, हा माझा साधा नियम आहे.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या स्पर्धेतला ग्रँड ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला, म्हणजे त्या विभागाचा सर्वोच्च. इथे विभाग, देणारा आणि क्रम या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळतात.

नियम काय परवानगी देतात

निकालातल्या बऱ्याचशा 'अन्यायां'चे मूळ नियमात असते. कानचा २०२४ चा निकाल या दृष्टीने सावकाश वाचण्यासारखा आहे. ग्रेटा गर्विग यांच्या अध्यक्षतेखालच्या नऊ जणांच्या ज्युरीने शॉन बेकर यांच्या 'अनोरा'ला पाम द'ओर दिला. त्याखालचा दुसऱ्या क्रमांकाचा ग्राँ प्री कपाडिया यांना मिळाला. तिसरा, म्हणजे ज्युरी पुरस्कार 'एमिलिया पेरेझ'ला गेला आणि त्याच चित्रपटातल्या चार अभिनेत्रींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. 'अनोरा'ची नायिका मायकी मॅडिसन रिकाम्या हाताने परतली आणि पुढच्या मार्चमध्ये ऑस्करची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली.

मग कानच्या ज्युरीला तिचे काम आवडले नव्हते का? या यादीवरून तसा निष्कर्ष मुळीच काढता येत नाही. पाम द'ओर मिळालेल्या चित्रपटाला सहसा दुसरा पुरस्कार देऊ नये, असा तिथला दंडक आहे. ज्युरी पुरस्काराला किंवा पटकथेच्या पुरस्काराला मात्र विशेष परवानगीने अभिनयाच्या पुरस्काराची जोड देता येते. १९९१ साली 'बार्टन फिंक'ने पाम द'ओर, दिग्दर्शन आणि अभिनय असे तिन्ही पुरस्कार एकट्याने नेले, त्यानंतर हे नियम कडक झाले. २०१३ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ज्युरीने यातूनही वाट काढली: 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर'साठी पाम द'ओरच दिग्दर्शक आणि दोन अभिनेत्री अशा तिघांच्या नावे जाहीर केला.

गोव्यात अशी आडकाठी दिसत नाही. २०२४ च्या इफ्फीत, म्हणजे तिथल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, आशुतोष गोवारीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या ज्युरीने लिथुआनियाच्या 'टॉक्सिक'ला सुवर्ण मयूर हा सर्वोच्च पुरस्कार दिला आणि अभिनेत्रीचा रौप्य मयूरही त्याच चित्रपटातल्या दोघींना विभागून दिला. हाच चित्रपट त्याआधी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात सुवर्ण बिबट्या हा सर्वोच्च पुरस्कार जिंकून आला होता. कानच्या स्पर्धेत मुख्यतः नवे, इतरत्र न दाखवलेले चित्रपट असतात, तर गोव्याच्या स्पर्धेत आधीच फिरून आलेलेही असतात. त्यामुळे तिथली ज्युरी काही वेळा एखादा जुना कौल उचलून धरते, तर काही वेळा तो फिरवते.

जुन्या निकालांना आजचे नियम लावू नयेत. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला १९४६ साली कानमध्ये ग्राँ प्री मिळाला, तेव्हा तो सर्वोच्च सन्मान होता, कारण पाम द'ओर आला १९५५ साली. शिवाय १९४६ चा तो सन्मान अकरा चित्रपटांत विभागलेला होता. बर्लिनने २०२१ पासून अभिनेता आणि अभिनेत्री असे वेगळे पुरस्कार देणे थांबवले, तेव्हा त्या यादीत 'सर्वोत्कृष्ट अभिनेत्री' शोधत बसू नये.

ज्युरीचे एकमत आणि मतभेद

अध्यक्षाचे आधीचे चित्रपट पाहून निकालाचे भाकीत करण्याचा खेळ दरवर्षी रंगतो. मला तो फारसा विश्वासार्ह वाटत नाही, कारण अध्यक्ष एकटा ठरवत नाही. त्यापेक्षा निकालानंतरची पत्रकार परिषद ऐकावी. २०१९ साली 'पॅरासाइट'ला दिलेला पाम द'ओर एकमताने ठरल्याचे अध्यक्ष अलेहांद्रो इन्यारितू यांनी सांगितले होते. ज्या वर्षी एकमताचा असा उल्लेख येत नाही आणि एखादा पुरस्कार विभागून दिलेला असतो, त्या वर्षी खोलीत बरीच ओढाताण झाली असावी असे मानायला जागा असते. पुरावा मात्र नसतो.

मतभेद विकोपाला गेल्याची उदाहरणेही आहेत. १९७० साली बर्लिनमध्ये मिशाएल फेरहोफन यांच्या व्हिएतनाम युद्धावरच्या 'ओ.के.' या चित्रपटावरून ज्युरी फुटली, स्पर्धा बंद पडली आणि त्या वर्षी सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार दिलाच गेला नाही. गोव्यात २०२२ च्या समारोपात ज्युरीप्रमुख नदाव लापिद यांनी 'द काश्मीर फाइल्स'च्या स्पर्धेतल्या निवडीवर कठोर टीका केली. ज्युरीतले भारतीय सदस्य सुदीप्तो सेन यांनी ते लापिद यांचे वैयक्तिक मत असल्याचे म्हटले, तर इतर तीन सदस्य नंतर लापिद यांच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हा बातमीत 'ज्युरीचे मत' असे वाचले की ते निवेदनात आहे की एकाच्या भाषणात, हे पाहून घ्यावे.

ही सगळी प्रक्रिया उमजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एका रविवारी स्वतःच ज्युरी बसवणे. पाच जण, पाच-सहा लघुपट आणि तीन पुरस्कार ठेवावेत; एका लघुपटाला एकच पुरस्कार, ही अट घालावी. चर्चेआधी प्रत्येकाने आपली पसंती कागदावर लिहून घडी घालून ठेवावी. तासाभराने निकाल लागला की कागद उघडावेत. आमच्या गटात अनेकदा असे दिसते की पहिला पुरस्कार मिळालेला लघुपट कोणाच्याच कागदावर अव्वल नसतो, मात्र सगळ्यांच्या कागदावर दुसरा किंवा तिसरा असतो. ज्याच्यावर दोघांनी जीव ओवाळला आणि दोघांनी नाके मुरडली, तो दिग्दर्शनाच्या पुरस्कारावर समाधान मानतो. यानंतर कोणत्याही मोठ्या निकालातली दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची नावे आपण अधिक लक्ष देऊन वाचू लागतो, आणि पाहण्याच्या यादीत मी तरी तीच आधी घेतो.

पाहायचे कुठे

ठाण्याहून सर्वांत सोयीचे म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. आदल्या वर्षीचे गाजलेले बरेच चित्रपट तिथे येतात आणि इंद्रायणी एक्सप्रेस ठाण्याला थांबते. तिथल्या मराठी स्पर्धेतला राज्य शासनाचा 'संत तुकाराम' पुरस्कारही नोंदून ठेवावा. इफ्फीसाठी मांडवी एक्सप्रेस ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे मिळते, मात्र प्रतिनिधी नोंदणी आणि रेल्वेचे आरक्षण दोन्ही लवकर करावे लागते. विजेत्या चित्रपटांचे भारतातले प्रदर्शन बहुधा अल्पकाळ असते. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' इथे नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि 'साबर बोंडं' सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. अशा चित्रपटांचे खेळ कमी आणि अवेळी असतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जावे.

आपल्या मंडळात चित्रपट दाखवायचा असेल, तर ओटीटीचे घरगुती सदस्यत्व त्यासाठी चालत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. ईमेलमध्ये तारीख, सभागृहाची आसनसंख्या, प्रवेश विनामूल्य आहे की तिकीट लावून, आणि उपशीर्षके कोणत्या भाषेत हवीत, हे पहिल्याच पत्रात लिहावे. परदेशी विक्री कंपन्या छोट्या मंडळांनाही उत्तर देतात, परंतु शुल्क सांगतात ते युरोत. आकडा पाहून लगेच मागे फिरू नये. आसनसंख्या आणि विनामूल्य प्रवेश यांचा दाखला देऊन एकदा कमी करण्याची विनंती करावी, आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असलेल्या एखाद्या जुन्या मंडळाला विचारून आधीच सोडवून घ्यावा.