प्रोसेसने नेमस्पेस बदलली की मॉनिटरिंगला कसं कळवायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा लिनक्स सर्व्हर घ्या. बिलिंग एका कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात), लूमची मोजणी दुसऱ्यात, मॉनिटरिंग एजंट थेट होस्टवर. सुरू होताना एजंट ‘प्रॉक’मधून (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रोसेसची माहिती जिथे दाखवतो ती डिरेक्टरी) प्रत्येक प्रोसेसच्या नेमस्पेस, म्हणजे तिला नेटवर्क, पीआयडी वगैरे कोणत्या कप्प्यातले दिसतात ते, वाचतो आणि पुढे तेच धरून चालतो. मध्येच एखादी प्रोसेस ‘सेटएनएस’ने (दुसऱ्या, आधीच असलेल्या नेमस्पेसमध्ये जाण्याचा कॉल) बिलिंगच्या नेटवर्कमध्ये शिरली, तरी तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) तोच राहतो आणि ट्रॅफिक भलत्याच खात्यावर चढतं.

दर पाच सेकंदांनी ‘प्रॉक’ चाळून भागत नाही. मधल्या मध्ये येऊन गेलेली प्रोसेस सापडतच नाही. कर्नलचा प्रोसेस कनेक्टर फोर्क (नवी प्रोसेस), एक्झेक (नवा प्रोग्राम), एक्झिट (शेवट) कळवतो, नेमस्पेसचं काही सांगत नाही. बरेच जण ‘स्विच_टास्क_नेमस्पेसेस’ या कर्नलच्या फंक्शनवर केप्रोब, म्हणजे ते चाललं की कळवणारा सापळा, लावतात. तिथे दोन भोकं राहतात: ‘क्लोन’ने (नवी प्रोसेस बनवण्याचा कॉल) नव्या नेमस्पेसमध्येच जन्मलेली प्रोसेस त्या वाटेने जात नाही, आणि यूजर नेमस्पेस प्रोसेसच्या क्रेडेन्शियल्समध्ये (ओळख आणि अधिकारांच्या नोंदीत) असते, म्हणून नुसतं ‘अनशेअर --यूजर’ (चालू प्रोसेसला नवी यूजर नेमस्पेस) केलं तर केप्रोबला पत्ता लागत नाही.

सरळ मार्ग पर्फचा, म्हणजे लिनक्सच्या घटना नोंदवण्याच्या साधनाचा. कर्नल ४.१२ पासून त्यात नेमस्पेसचा वेगळा रेकॉर्ड आहे आणि तो क्लोन, अनशेअर, सेटएनएस तिन्ही वेळी निघतो. आधी हाताने तपासा. रूट म्हणून ‘पर्फ रेकॉर्ड -ए --नेमस्पेसेस -ई डमी’ चालू करा, दुसऱ्या टर्मिनलवर ‘अनशेअर --नेट --यूटीएस बॅश’ द्या. मग रेकॉर्डिंग थांबवून ‘पर्फ स्क्रिप्ट --शो-नेमस्पेस-इव्हेंट्स’. त्या प्रोसेसच्या ओळीत नेट आणि यूटीएस (मशीनच्या नावाची नेमस्पेस) यांचे आयनोड, म्हणजे ओळखक्रमांक, बदललेले दिसतील, बाकीचे होते तेच. यूटीएसचा मूळ आयनोड ४०२६५३१८३८ असतो. तोच दिसला तर प्रोसेस अजून होस्टच्याच यूटीएसमध्ये आहे.

एजंटमध्ये बसवताना ‘पर्फ_इव्हेंट_ओपन’ला सॉफ्टवेअर प्रकारचा डमी (स्वतः काही न मोजणारा) इव्हेंट द्या, ‘नेमस्पेसेस’, ‘टास्क’ आणि ‘सॅम्पल_आयडी_ऑल’ हे बिट १ करा, सॅम्पलच्या प्रकारात वेळ मागा. पीआयडी उणे एक (म्हणजे सगळ्या प्रोसेस), आणि प्रत्येक सीपीयूसाठी इव्हेंट वेगळा उघडा. परवानगीला ‘कॅप_पर्फमॉन’ हा अधिकार पुरतो (कर्नल ५.८ पासून, आधी ‘कॅप_सिस_अ‍ॅडमिन’). सीपीयूनिहाय आलेले रेकॉर्ड वेळेनुसार लावून मगच वापरा, नाहीतर मूल बापाच्या आधी जन्मतं.

क्रम महत्त्वाचा: आधी इव्हेंट उघडा, मग ‘प्रॉक’ एकदा चाळा, त्यानंतर साठलेले रेकॉर्ड त्या यादीवर लागू करा. उलट केलंत तर मधल्या फटीतले बदल कायमचे हुकतात.

रेकॉर्ड प्रत्येक फोर्कला येतो, काही बदललं नसलं तरी. आधीच्या आयनोडशी ताडून फरक असेल तरच अलर्ट पाठवा. ‘अनशेअर --पीआयडी’ केल्यावर स्वतः त्या प्रोसेसचा पीआयडी नेमस्पेसचा आयनोड बदलत नाही, पुढच्या मुलांचा बदलतो. हा बग समजून डोकं खाजवत बसू नका. एजंटच कंटेनरमध्ये असेल तर बाहेरच्या प्रोसेसचे पीआयडी शून्य दिसतात, म्हणून तो होस्टच्या पीआयडी नेमस्पेसमध्येच चालवा.

बिलिंगच्या गर्दीत रिंग बफर (रेकॉर्ड तात्पुरते साठवणारी जागा) भरला की काही रेकॉर्ड गळाल्याचा ‘लॉस्ट’ रेकॉर्ड येतो. पर्फला ‘-एम १०२४’ दिलं तर ४ केबी पानांच्या हिशेबाने सीपीयूमागे ४ एमबी मिळतात. तरीही ‘लॉस्ट’ दिसला, तर जुनी यादी फेकून ‘प्रॉक’ पुन्हा पूर्ण चाळायचं.