आधी चाळणी, मग तराजू : यंदा रब्बीला काय पेरायचं?

सोयाबीन निघालं, खळी उरकली. सांवेर, देपालपूर, हातोद, महू या बाजूची काळी राने मोकळी पडली आहेत आणि इंदूरच्या मराठी घरांत दरवर्षीचा वाद पुन्हा सुरू झाला आहे. आमच्यापैकी बरेच जण राहतात शहरात, जमीन बटाईने दिलेली. बटाईदार फोनवर म्हणतो, "दादा, अबके लहसुन लगाओ, भाव देखो!" घरातले म्हणतात गहूच बरा, निदान घरी खायला येतो. मुलगा मोबाइलवर बटाट्याचा व्हिडिओ दाखवतो. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून तर वाद मिटत नाही.

अशा वेळी आपण मनातल्या मनात बेरीज करतो. भाव चांगला आहे, पाणी जरा कमी आहे, पण भाव चांगला आहे ना, मग चालेल. खरी चूक इथे होते. फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठला की मंडीतला चढा भाव पिकाला पाजता येत नाही. काही उणिवा दुसऱ्या गुणांनी भरून निघतात, काही निघत नाहीत. ज्या निघत नाहीत त्यांच्यासाठी चाळणी वापरायची आणि बाकीच्यांसाठी तराजू. क्रम उलटा झाला की हिशेब कितीही बारकाईने केला तरी फसतो.

पहिली चाळणी पाण्याची, आणि ती अंदाजाने लावायची नाही. बहुतेक लोक "आपल्या बोअरला पाणी आहे" एवढ्यावर थांबतात. किती आहे? २०० लिटरचा ड्रम मोटरच्या पाइपाखाली ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघा. ४० सेकंद लागले तर मोटर तासाला १८,००० लिटर पाणी देते. एका हेक्टरला ५ सेंटीमीटर पाण्याची एक पाळी (एकदा सगळं रान भिजवणं) म्हणजे ५ लाख लिटर. म्हणजे हेक्टरला साधारण २८ तास मोटर चालली पाहिजे. २ हेक्टर रान असेल आणि वीज दिवसाला ८ तास मिळत असेल, तर एकच पाळी पुरी व्हायला ७ दिवस लागतात. नाल्या-धोऱ्यांत मुरणारं पाणी यात धरलेलं नाही. मोजमाप सकाळी पहिल्या तासात करू नका, मोटर तीन-चार तास चालल्यावर करा. सुरुवातीचा जोर फसवा असतो.

आता हा आकडा पिकाच्या गरजेशेजारी ठेवा. लसणाला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं आणि ते फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत तुटून चालत नाही. बटाट्याला सहा-आठ हलक्या पाळ्या लागतात, पण ऑक्टोबरच्या मध्यात लावला तर जानेवारीअखेर निघतो. भरपूर पाण्याच्या गव्हाला चार-पाच पाळ्या, कमी पाण्याच्या वाणाला एक-दोन. हरभरा ओलीवर येतो. एक पाणी फुलोऱ्याच्या आधी आणि जमलं तर दुसरं घाटे भरताना. ऐन फुलोऱ्यात पाणी दिलं तर फूल गळतं आणि झाड नुसतं वाढत राहतं.

समजा तुमचं पाणी मागच्या तीन-चार वर्षांच्या अनुभवाने जानेवारीअखेर तुटतं. मग लसूण गेला. त्याला गुण देत बसायचं नाही, चर्चाही करायची नाही. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात मी स्वतः शेजाऱ्याचं बघून लसूण लावला. पाणी कसंबसं पुरवलं आणि २०२२ मध्ये माल विकायला काढला तेव्हा वाहनभाडं आणि हमालीही सुटली नाही. पुढे २०२४ मध्ये तोच लसूण किराणा दुकानात किलोला ३०० रुपयांच्या वर गेला, तेव्हा माझ्याकडे एक पाकळीही नव्हती. लसणाला हमीभाव नाही, ही दुसरी गोष्ट. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाला क्विंटलमागे २,४२५ आणि हरभऱ्याला ५,६५० रुपये हमीभाव होता. लसणाच्या आणि बटाट्याच्या पायाखाली अशी फळी नसते.

दुसरी चाळणी खिशाची. लसणाला हेक्टरी ५ ते ६ क्विंटल पाकळ्या लागतात, बटाट्याला २५ ते ३० क्विंटल बेणं. गव्हाला १०० किलो बियाणं, देशी हरभऱ्याला ७५-८० किलो. बेण्यासाठी व्याजाने पैसे काढावे लागणार असतील तर ते पीक चाळणीतूनच पडू द्या. तिसरी चाळणी रानाची : मागच्या वर्षी हरभरा मर रोगाने जागोजाग वाळला असेल, तर त्याच तुकड्यात यंदा हरभरा नाही.

चाळणीवर जे उरतं ते तराजूत जातं. इथे एक जुनी युक्ती कामाला येते. ज्या वर्षी थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले, त्याच १७७२ च्या सप्टेंबरात तिकडे बेंजामिन फ्रँकलिनने जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. कागदाच्या मधोमध रेघ ओढ, एका बाजूला बाजूची कारणं लिही, दुसरीकडे विरोधातली, तीन-चार दिवस भर घालत राहा, आणि ज्यांचं वजन सारखं वाटेल ती दोन्हीकडून खोडून टाक. एका बाजूचं एक कारण दुसऱ्या बाजूच्या दोन कारणांइतकं भारी असेल तर तिन्ही खोड. उरेल त्यावर ठरव. दोनच पर्याय असतील, म्हणजे गहू की हरभरा एवढाच प्रश्न असेल, तर याहून जास्त काही लागत नाही. तीन-चार दिवसांची अट मात्र पाळा. मंडीतून आल्या संध्याकाळी घेतलेला निर्णय मंडीचा असतो.

पर्याय तीन किंवा जास्त असले की मी चिंचोके घेतो. वीस चिंचोके, आणि कागदावर पाच रकाने : वाईट वर्षी किती बुडेल, आत्ता रोख किती लागेल, चांगल्या वर्षी किती मिळेल, देखरेख आणि मजूर किती, पुढच्या सोयाबीनसाठी रान कसं राहील. चिंचोके या रकान्यांत वाटायचे. पिकांची नावं अजून काढायची नाहीत. नाव काढलं की हात आपोआप आवडत्या पिकाच्या सोयीच्या रकान्याकडे वळतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. रकान्याचं वजन त्या गोष्टीच्या मोठेपणावर ठरत नाही, उरलेल्या पर्यायांत तिथे किती फरक आहे यावर ठरतं. खर्च महत्त्वाचा आहेच, पण तुम्ही गव्हाच्या दोनच वाणांतून निवडत असाल आणि पिशवीमागे फरक शंभर-दोनशे रुपयांचा असेल, तर खर्चाच्या रकान्यात एकही चिंचोका नको. तिथे पाण्याच्या पाळ्यांतला फरक सगळं ठरवतो.

समजा चाळणीतून कमी पाण्याचा गहू, हरभरा आणि बटाटा असे तिघं उरले. चिंचोके वाटले ते असे : वाईट वर्ष ७, रोख ५, चांगलं वर्ष ४, देखरेख ३, रान १. मग प्रत्येक रकान्यात सर्वांत वाईट पिकाला ०, सर्वांत चांगल्याला १०, मधल्याला अंदाजाने. वाईट वर्षाच्या रकान्यात गहू १०, हरभरा ७, बटाटा ०. रोख खर्चात गहू ८, हरभरा १०, बटाटा ०. चांगल्या वर्षाच्या मिळकतीत गहू ०, हरभरा ३, बटाटा १०. देखरेखीत गहू १०, हरभरा ६ (घाटे अळीसाठी शेतात फिरावं लागतं), बटाटा ०. रानाच्या रकान्यात गहू ०, हरभरा १०, बटाटा ३. गुणाकार करून बेरीज केली की गहू १४०, हरभरा १३९, बटाटा ४३.

हे आकडे माझ्या परिस्थितीचे, तुमचे वेगळे येतील. पण १४० आणि १३९ यांत फरक आहे असं समजून कोणी गहू पेरायला निघाला तर त्याने चिंचोके उगाच मोजले. एकच चिंचोका वाईट वर्षातून काढून चांगल्या वर्षात टाका : गहू १३०, हरभरा १३५. उलटलं! म्हणजे या दोघांत निवड करायला तराजू पुरेसा नाही. बटाट्याचं मात्र पक्कं कळलं. मिळकतीला निम्मे, म्हणजे १० चिंचोके दिले आणि बाकीचे ४, ३, २, १ असे वाटले, तरी हरभरा ११०, बटाटा १०३ आणि गहू ८४. माझ्यापुरता बटाट्याचा व्हिडिओ बंद झाला.

बरोबरी झाली की आम्ही रान वाटतो. सखल, ओल धरणाऱ्या तुकड्यात हरभरा, विहिरीजवळच्या तुकड्यात गहू. जानेवारीत पाला (दव गोठवणारी थंडी) पडला तर फटका हरभऱ्याला जास्त बसतो. उलट मार्च तापला तर गहू बारीक पडतो. २०२२ चा मार्च आठवून बघा. दोघांची वाईट वर्षं सहसा एकत्र येत नाहीत.

चिंचोके घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे वाटावेत, बटाईदारानेही. सरासरी काढायची घाई नको. त्याने देखरेखीच्या रकान्यात ८ टाकले आणि तुम्ही १, तर रात्री पाणी वळवायला कोण जाणार याचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. वाटप फारच अडलं तर थॉमस साटी या गणितज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेली जोडीजोडीची पद्धत आहे : दोन-दोन रकाने समोरासमोर ठेवायचे आणि एक दुसऱ्यापेक्षा किती भारी ते १ ते ९ मध्ये सांगायचं. तिचं पूर्ण गणित घरी करण्यात अर्थ नाही, पण तिच्यातली तपासणी घ्या. सुरक्षितता (वाईट वर्षाचा रकाना) रोखीच्या दुप्पट आणि रोख देखरेखीच्या तिप्पट म्हणालात, तर सुरक्षितता देखरेखीच्या सहापट यायला हवी. तुम्ही दुप्पट म्हणत असाल तर कुठेतरी मन दुसरंच बोलतंय.

आता तारखा, कारण यात वेळ घालवण्याचीही हद्द आहे. कोरडवाहू हरभरा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. कमी पाण्याचा गहू साधारण त्याच काळात, भरपूर पाण्याचा नोव्हेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. इंदूरच्या गहू केंद्राचे वाण 'एचआय' अक्षरांनी ओळखले जातात, म्हणजे हायब्रीड इंदूर. एक-दोन पाण्यावर एचआय १५०० (अमृता), एचआय १५३१ (हर्षिता) किंवा एचआय १६०५ (पूसा उजाला). पाणी भरपूर असेल तर एचआय १५४४ (पूर्णा), आणि दलिया-बाटीसाठी कठिया (ड्युरम, कडक दाण्याचा) गहू हवा असेल तर एचआय ८७५९ (पूसा तेजस). कठियाचा दाणा मोठा, म्हणून बियाणं हेक्टरी १२५ किलो धरा. भरपूर पाण्याच्या गव्हाला पहिलं पाणी विसाव्या-एकविसाव्या दिवशी, ते चुकवू नका.

हरभऱ्याच्या बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लागत असेल तर ते, आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारे जिवाणू). सावलीत सुकवून लगेच पेरा. रासायनिक बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर किलोला ५ ग्रॅम पुरे.

हमीभावाने विकायचं असेल तर ई-उपार्जन या मध्य प्रदेश सरकारच्या खरेदी पोर्टलवर वेळेत नोंदणी करावी लागते. हरभऱ्याची सरकारी खरेदी गव्हाइतकी सढळ नसते, म्हणून वाईट वर्षाच्या रकान्यात मी त्याला १० ऐवजी ७ दिले. चिंचोक्यांचा कागद बियाण्याच्या पिशवीच्या टॅगबरोबर जपून ठेवा. माल विकला गेला की त्याच कागदाच्या पाठीवर खरे आकडे लिहा : किती पाळ्या दिल्या, पाणी कोणत्या तारखेला तुटायला लागलं, क्विंटलला काय मिळालं. पुढच्या ऑक्टोबरात ०, ३, ७, १० हे गुण अंदाजाने द्यावे लागणार नाहीत.